परतीच्या वाटेची तयारी

(परदेशी शिक्षणासाठी गेलेल्या आणि जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालक व गावातील तरुण यांच्यासमोर भुईगाव, वसई येथे झालेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण ज्या गावात जमलो आहोत, त्या गावाने इतिहासाला एक दगड दिला आहे. १९५६ साली भुईगावात एक कोरीव शिलाखंड सापडला. त्यावरची लिपी ब्राह्मी. अभ्यासकांनी तो वाचला, तेव्हा सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तो भाग असल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी १८८२ साली सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका चक्रवर्ती राजाने आपला शब्द कोरण्यासाठी हा किनारा निवडला, कारण सोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. येथून माणसे जात आणि येथेच परत येत.

भुईगावचा शिलाखंड त्रुटित आहे. परंतु नवव्या लेखाच्या पूर्ण प्रती गिरनार, कालसी आदी ठिकाणी असल्याने त्याचा आशय आपल्याला ठाऊक आहे. अशोक म्हणतो की लोक निरनिराळ्या प्रसंगी मंगलविधी करतात. आजारपणात करतात, मुलामुलींच्या लग्नात करतात, पुत्रजन्माच्या वेळी करतात आणि प्रवासाला निघतानाही करतात. असे विधी करावेत, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारे मंगल वेगळेच आहे. सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्राविषयी संयम बाळगणे आणि श्रमण-ब्राह्मणांना दान देणे, हे ते खरे मंगल. ही गोष्ट पित्याने, पुत्राने, भावाने, मित्राने, एवढेच काय, शेजाऱ्यानेही एकमेकांस सांगावी, असे तो सुचवितो.

यात ‘प्रवास’ हा शब्द आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आजही मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की घरात मंगल होते. औक्षण होते, हातावर दही पडते, विमानतळापर्यंत दोन-दोन गाड्या भरून माणसे जातात. जाण्याची तयारी वर्षभर चालते. पारपत्र, व्हिसा, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचे कर्ज, लोणच्याच्या बरण्या, गरम कपडे, कशातही उणे राहत नाही. पण परत येण्याची तयारी कोण करतो? जणू परतणे ही विमानाचे तिकीट काढण्याइतकीच गोष्ट आहे, अशा समजुतीने आपण ती सोडून देतो. आज विचार करायचा आहे तो याच राहून गेलेल्या तयारीचा.

शूर्पारकाचा पूर्ण

या विषयावरचा फार जुना धडा याच परिसरातला आहे. बौद्ध वाङ्मयात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. पालीत त्याचे नाव पुण्ण. संस्कृत ‘दिव्यावदाना’त त्याची कथा विस्ताराने आहे, तर ‘मज्झिम निकाया’त त्याचा आणि भगवान बुद्धांचा संवाद आहे. तो या शूर्पारकाचा. दिव्यावदान सांगते की तो दासीच्या पोटी जन्मला, वडिलांच्या पश्चात भावांनी त्याला वाटा नाकारला, आणि त्याने स्वतःच्या हिमतीवर समुद्रव्यापारात नाव कमावले. एका सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचने ऐकली. ती त्याच्या मनात इतकी रुजली की सारे सोडून तो श्रावस्तीस गेला आणि भिक्षू झाला. आपल्या काळाच्या भाषेत सांगायचे तर तो घरापासून दूर उच्च शिक्षणासाठी गेला.

शिक्षण झाले. तो गुरूंकडे निरोप घ्यायला आला. आता कोठे जाणार, असे बुद्धांनी विचारले. त्याने उत्तर दिले, श्रोणापरांतात. म्हणजे आपल्या या अपरांतात, उत्तर कोकणात. मोठ्या नगरात राहून मान मिळविता आला असता, पण त्याला घरी परतायचे होते. तेव्हा गुरूंनी त्याला कौतुकाचे चार शब्द सांगून पाठविले नाही. त्यांनी त्याची परीक्षा घेतली.

तेथील लोक उग्र आहेत, कठोर आहेत. त्यांनी तुला शिवीगाळ केली तर? पूर्ण म्हणाला, मी समजेन की हे लोक भले आहेत, निदान हात तरी उगारत नाहीत. हात उगारला तर? समजेन की ढेकळे मारीत नाहीत. ढेकळे मारली तर? काठी मारीत नाहीत. काठी मारली तर? शस्त्र चालवीत नाहीत. शस्त्र चालविले तर? जीव घेत नाहीत. आणि जीवच घेतला तर? त्यावरही पूर्ण डगमगला नाही. देहाला कंटाळून शस्त्र शोधत फिरणारेही असतात, मला ते न शोधता मिळाले असे मी मानेन, असे तो म्हणाला. एवढे ऐकल्यावर गुरूंनी त्याला जाण्याची अनुज्ञा दिली. पुढे पहिल्याच वर्षावासात येथे पाचशे पुरुष आणि पाचशे स्त्रिया उपासक झाल्या, असे पाली ग्रंथ सांगतो.

या संवादात सामानाचा उल्लेख नाही. पूर्ण काय घेऊन जाणार, हे गुरूंनी विचारलेच नाही. ज्यांच्यासाठी तू परत जातो आहेस, तेच तुला समजून घेणार नाहीत, तेव्हा तू काय करशील, एवढाच प्रश्न त्यांनी सहा वेळा विचारला. शिकून परतणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. आज कोणी ढेकळे मारीत नाही. पण ‘तिकडे असे असते’ या वाक्यावर हसणारे नातेवाईक असतात, ‘इथे ते चालायचे नाही’ म्हणणारे वरिष्ठ असतात आणि ‘मग परत आलातच कशाला?’ असे विचारणारे मित्रही असतात. हे सारे येणार, हे विमानात बसण्यापूर्वीच ज्याने मनाशी धरले, तो पहिल्या सहा महिन्यांत खचत नाही. ज्याने धरले नाही, तो वर्षभरात पुन्हा व्हिसाच्या रांगेत दिसतो.

आधी दिलेला शब्द

परतीची तयारी परतताना सुरू होत नाही. ती निघतानाच सुरू व्हावी लागते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरण महाराष्ट्रास परिचित आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्या काळी अशा माणसाला मोठ्या पगाराच्या जागा दुर्लभ नव्हत्या. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कामाला वाहून घेण्याचा शब्द त्यांनी जाण्यापूर्वीच दिलेला होता. ते पुण्यास परतले, आजीव सदस्यांच्या दरमहा पाऊणशे रुपयांच्या वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९०२ पासून पुढे अनेक वर्षे त्याचे प्राचार्य राहिले. रँग्लर परांजप्यांची अनेक मते वादग्रस्त ठरली असतील, पण दिलेला शब्द त्यांनी पाळला याविषयी वाद नाही.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण १८९९ च्या अखेरीस ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्याची वाट होती. पालीचे पांडित्य मिळवून तो भारतात आला, तेव्हा कलकत्ता विद्यापीठात त्याला दरमहा अडीचशे रुपयांची जागा मिळाली. पण हे ज्ञान आपल्या माणसांना आपल्या भाषेत द्यायचे, ही ओढ होती. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी पन्नास रुपये देऊ केले, आणि अडीचशे सोडून कोसंबींनी ते पन्नास स्वीकारले. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी गेले, तेथूनही परतले आणि १९१२ पासून फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची परंपरा उभी राहिली ती त्यांच्या या परतण्यामुळे. आपल्या सोपाऱ्याच्या पूर्णाचे नाव ज्या वाङ्मयात आहे, ते वाङ्मय मराठी माणसाच्या दारात आणण्यात कोसंबींचा वाटा मोठा आहे.

या दोघांपाशी एक गोष्ट समान होती. कोणासाठी शिकायचे, हे त्यांना ठाऊक होते. ज्याला हे ठाऊक असते त्याची परतीची अर्धी तयारी झालेली असते.

देहाची हेळसांड नको

परंतु नुसता निश्चय पुरत नाही, हे सांगणारेही एक चरित्र आपल्या ठाणे-कल्याणच्या मातीतले आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणचा. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे भरसभेत या सतरा वर्षांच्या मुलीने आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा तिचा निर्धार होता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये तिने पदवी घेतली. परतीची व्यवस्थाही तेथे असतानाच झाली होती. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिला देऊ केली आणि तिने ती स्वीकारली. काम ठरलेले, जागा ठरलेली, हेतू लख्ख. इतकी नेटकी परत क्वचितच कोणाची असेल.

पण शरीर पोखरले गेले होते. अमेरिकेच्या थंडीत, अपुऱ्या आहारावर, अभ्यासाच्या ताणात क्षयाने तिला गाठले. ऑक्टोबर १८८६ मध्ये ती जहाजावर चढली, नोव्हेंबरात मुंबईस उतरली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिची प्राणज्योत मालवली. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरची ती जागा तिची वाट पाहतच राहिली.

आनंदीबाईंच्या त्यागाला वंदन करताना हेही सांगितले पाहिजे की त्या त्यागाची पुनरावृत्ती आज कोणाकडून अपेक्षित नाही. परदेशात राहून पैसे वाचविण्यासाठी एक वेळ जेवणारी, झोप मोडून रात्रपाळी करणारी आणि दूरध्वनीवर ‘सगळे मजेत आहे’ म्हणणारी मुले आजही आहेत. घरच्यांनी गुण विचारावेत, पण त्याआधी प्रकृती विचारावी. खचलेले शरीर आणि थकलेले मन घेऊन परतलेला माणूस कितीही शिकलेला असला, तरी त्याला प्रथम विश्रांती हवी, सत्कार नको.

घराचीही परीक्षा

आतापर्यंत परतणाऱ्याविषयी बोलणे झाले. पण परत येण्याला दोन बाजू आहेत. एक येणाऱ्याची आणि दुसरी त्याला घेणाऱ्याची. दुसरी बाजू चुकली तर काय होते, हे १९१७ साली घडले.

भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते. तेथून १९१६ मध्ये ते लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा राहिला. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक दूरदृष्टीचे काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. दार पुरते लावून न घेता ते निघाले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते पाणतीराने बुडाले. विद्यार्थ्याची सारी दौलत समुद्राने गिळली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून जे सहाशे रुपये हाती आले, त्यातून ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास गेले.

आणि तेथे काय झाले? कोलंबियात शिकलेल्या या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकीत. एका पारशी विश्रांतिगृहात त्यांनी आसरा घेतला, तर काठ्या घेतलेला जमाव येऊन उभा राहिला. शेवटी ते एका बागेत झाडाखाली बसले आणि मुंबईस परतले. पूर्णाला जे प्रश्न गुरूने एकांतात विचारले, ते डॉ. आंबेडकरांना आपल्या समाजाने भर रस्त्यात काठी उगारून विचारले. ते खचले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी पैसे साठविले, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, १९२० मध्ये त्या उघड्या ठेवलेल्या दारातून पुन्हा लंडन गाठले, आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले; अर्थशास्त्राची सर्वोच्च पदवीही त्यांना त्याच वर्षी मिळाली.

हे त्यांचे थोरपण झाले. पण त्यामुळे समाजाचा दोष पुसला जात नाही. समुद्राने पुस्तके बुडविली, तो अपघात होता. शिकून आलेल्या आपल्याच माणसाला जन्मावरून दार बंद करणे हा अपघात नव्हता, ते पाप होते. हिंदू समाज एकसंध आहे असे म्हणणाऱ्याने १९१७ चे बडोदे विसरता कामा नये. आज परतणाऱ्या कोणत्या मुलाला, कोणत्या मुलीला, कोणते दार बंद मिळते, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे. शिकून आलेल्या मुलीपुढे पहिला विषय लग्नाचा काढणे, हेही एक बंद दारच आहे.

उन्हाळा संपतो तेव्हा

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. अलीकडे पदवीच्या दीर्घ अभ्यासक्रमांबरोबर दोन-तीन महिन्यांचे उन्हाळी अभ्यासक्रमही मुले निवडतात. जूनमध्ये जातात आणि श्रावणात, गणपतीच्या तोंडावर परततात. काळ थोडा असल्याने शेवटचे पंधरा दिवस खरेदीत आणि फिरण्यात जातात. पण परतीची खरी तयारी याच पंधरा दिवसांत करायची असते.

पहिली तयारी कागदांची. गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र या गोष्टी तेथे असताना एका दिवसात मिळतात, येथे आल्यावर महिने लागतात. आपल्या विद्यापीठात त्या अभ्यासाचे श्रेयांक धरले जाणार असतील, तर त्याची विचारणा तेथूनच करावी. ग्रंथालयाची पुस्तके, खोलीची अनामत, बँकेचे खाते, सारे चोख मिटवावे. आपल्या मागून येणाऱ्या भारतीय मुलाकडे घरमालक कोणत्या नजरेने पाहील, हे आपण कसे निघतो यावर ठरते.

दुसरी तयारी वहीची. बॅगेचे वजन विमान कंपनी ठरविते, वहीचे कोणी ठरवीत नाही. काय शिकलो, कोणाकडून शिकलो, काय पटले नाही, हे तेथे असतानाच लिहून काढावे. घरी परतल्यावर आठवड्याभरात तपशील पुसट होऊ लागतात. डॉ. आंबेडकरांची पुस्तके बुडाली, पण डोक्यातला अभ्यास बुडाला नाही. असा अभ्यास ज्याच्यापाशी आहे, त्याला सामान हरवण्याची भीती कमी.

तिसरी तयारी प्रश्नाची. वसईच्या या हिरव्या पट्ट्यात केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकविणाऱ्या वाड्या बावखलांच्या पाण्यावर उभ्या राहिल्या. पावसाचे पाणी साठवणारी, विहिरींना गोड ठेवणारी ही तळी एकेक करून बुजली. रहाट थांबले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, ते सर्वांनी पाहिले आहे. आता येथला एखादा विद्यार्थी हॉलंडात जाऊन पाण्याचे नियोजन शिकला आणि परतल्यावर त्याने आपल्याच वाडीच्या मागचे बावखल कधी पाहिले नसेल, तर त्याच्या शिकण्याचा येथे काय उपयोग? समुद्रसपाटीखालची जमीन कोरडी ठेवणाऱ्या देशाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण आजोबांनी बावखल का खणले, हे समजून घेतल्यावाचून त्यातले येथे काय लागू पडेल, ते कळणार नाही. जाताना घरचा प्रश्न बरोबर न्यावा आणि येताना त्याच्या उत्तराचा निदान एक धागा आणावा.

चौथी तयारी जिभेची. परतल्यावर पहिला महिनाभर तुलना करू नये. ऐकावे, पाहावे, आणि विचारले तेव्हाच सांगावे. तेथील रस्ते स्वच्छ असतात, हे गावाला ठाऊक आहे. ते स्वच्छ कसे राहतात, कोण झाडतो, पैसा कोठून येतो, नागरिक काय करतो, हे सांगता आले तर गाव ऐकेल.

शेजाऱ्याचे कर्तव्य

आणि गावाने काय करावे? शाल-श्रीफळ देऊन सत्कार जरूर करावा. अशोकाच्या शब्दांत तो थोड्या फळाचा मंगलविधी झाला. मोठ्या फळाचे मंगल असे, की परतलेल्या मुलाला आठवड्यातून दोन तास शाळेत शिकवायला बोलवावे. ग्रामस्थांच्या बैठकीत त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. त्याचा पहिला प्रयोग फसला तर ‘तरी सांगत होतो’ असे म्हणू नये. पगार किती, हा प्रश्न चौथ्या भेटीपर्यंत राखून ठेवावा. जे परदेशातच राहिले, त्यांच्याविषयी कडू बोलू नये. परतण्याची वाट त्यांच्यासाठी उघडी राहिली तर आज ना उद्या तेही काही पाठवतील, काही घेऊन येतील.

१८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला गेला, तेव्हा त्याच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत एकात एक ठेवलेल्या करंडकांमध्ये सर्वांत आत सोन्याची डबी होती, आणि तीत मातीच्या भिक्षापात्राचे म्हणून मानले गेलेले तुकडे होते. सोने बाहेर आणि माती आत. या किनाऱ्याने पूर्वी मोल कशाला दिले, हे त्यावरून कळते. परदेशातून येणाऱ्या मुलाच्या बॅगेत काय आहे हे पाहण्याआधी त्याच्या मनात काय आहे, हे विचारणारे गाव आपल्याला घडवायचे आहे. तसे गाव असेल तर मुलांना परत बोलवावे लागणार नाही. ती वाट विचारीत येतील.